गाडी तापते, कूलंट कमी होतं: गोव्यातल्या दुचाकीस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिएटर असलेली दुचाकी तापायला लागली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं कूलंट टाकू?" कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. ते टाकायला काहीच हरकत नाही. पण टाकण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: कूलंट आधी गेलं आणि म्हणून गाडी तापली, की गाडी आधी तापली आणि म्हणून कूलंट बाहेर फेकलं गेलं? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत गळती शोधायची असते. दुसरीत फॅन, थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप), कूलंट फिरवणारा पंप आणि रेडिएटर तपासायचे असतात. हे न ठरवता नुसतं भरत राहिलं तर गाडी काही दिवस चालते आणि मग चोर्ला घाटात थांबते.

माझ्या गाडीत कूलंट असतं की नाही, हेच माहीत नाही. कसं ओळखू?

पुढच्या चाकामागे, इंजिनाच्या तोंडावर जाळीदार रेडिएटर असेल आणि कुठेतरी अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी टाकी (रिझर्व्ह टाकी) असेल, तर गाडी लिक्विड-कूल्ड. केटीएम ड्यूक, पल्सर एनएस २००, आर१५, डॉमिनार ४००, हिमालयन ४५०, ट्रायम्फ स्पीड ४०० या सगळ्या त्यातल्या. स्कूटरांमध्ये एरॉक्स १५५. अ‍ॅक्टिव्हा, स्प्लेंडर, क्लासिक ३५० या हवेवर थंड होतात. त्यांत कूलंट टाकायला जागाच नाही.

फसवतात त्या मधल्या गाड्या. पल्सर २२० किंवा एन्फिल्डच्या ६५० गाड्यांना पुढे रेडिएटरसारखंच काहीतरी दिसतं, पण तो ऑइल कूलर असतो. त्यातून इंजिन ऑइल फिरतं. अशी गाडी तापत असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. खालचे प्रश्न तुमच्या गाडीसाठी नाहीत.

पेट्रोलसारखं कूलंटही वापरात संपतं का?

नाही. ते बंद चक्रात फिरतं. इंजिनातून उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि परत येतं. लहान एक-सिलिंडर गाड्यांत ते सगळं मिळून साधारण १ ते दीड लिटर असतं. तापल्यावर ते फुगतं. १ लिटरमागे ४० मिलिलिटरच्या आसपास. हे वाढलेलं कूलंट रेडिएटरच्या कॅपमधून रिझर्व्ह टाकीत जातं आणि गाडी थंड झाली की परत ओढलं जातं. त्यामुळे गरम गाडीची पातळी वर आणि थंड गाडीची खाली दिसणं ठीकच आहे.

म्हणून पातळी सकाळी बघा, गाडी सुरू करण्याआधी. सपाट जागेवर आणि गाडी सरळ उभी धरून. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची टाकी खोटं बोलते, आणि आपल्याकडे सपाट अंगण सगळ्यांच्या नशिबी नसतं.

टाकीला हवा जायला वाट असते, तिच्यातून वर्षभरात थोडं पाणी उडून जातं. वर्षातून एकदा थोडी टॉप-अप करावी लागली तर काळजी नको. महिन्या-दोन महिन्यांनी लागत असेल तर कूलंटला कुठूनतरी बाहेर जायला वाट मिळाली आहे.

मग आधी काय झालं, कूलंट गेलं की गाडी तापली, हे ठरवायचं कसं?

गाडी पूर्ण थंड असताना रिझर्व्ह टाकी बघा आणि रेडिएटरची कॅप उघडून आतही बघा. आतली पातळी मानेपर्यंत हवी. ती खाली असेल तर दोन्ही ठिकाणी भरा आणि टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहा. त्यानंतर नेहमीसारखी गाडी चालवा, पण रोज सकाळी बघा.

गाडी अजिबात तापली नाही, फॅन नेहमीसारखा लागतो-बंद होतो, मीटरवर नेहमीचेच बार, आणि तरी पातळी उतरतेय? मग गळती आहे. पातळी दिवसेंदिवस जागची हलत नाही, आणि एखाद्या दिवशी गाडी तापून लाल दिवा लागल्यावरच टाकी उतू जाऊन खाली ओलं होतं? मग कूलंट गेलं हा परिणाम आहे, कारण दुसरीकडे आहे.

यात एक सापळा आहे. कूलंट फार कमी झालं की तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला राहत नाही. तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि मीटर चक्क कमी तापमान दाखवू शकतं. काटा शांत, आणि पायाला भाजतंय, इंजिनाचा आवाज कोरडा झालाय, गाडी ओढत नाही. अशा वेळी मीटरवर विश्वास ठेवू नका.

आणि हो, गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही. चालत्या कुकरचं झाकण आपण ओढत नाही, तसंच. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. दाब गेला की त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. वरचा होज पाईप हाताने दाबून बघा. मऊ आणि कोमट लागला तरच कॅपला हात लावा, तोही फडका घेऊन.

ट्रॅफिकमध्ये तापते, पण हायवेवर पळायला लागली की बार खाली येतात. काय असेल?

फॅन. दहापैकी बहुतेक वेळा फॅनच.

पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात अडकलात, कार्निव्हल किंवा शिगमोच्या मिरवणुकीमागे पणजीत रांगत राहिलात, डिसेंबरात कळंगुटहून बागा किनाऱ्याला निघालात, की तो वारा नाही. अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्यामुळे आपल्याला मांडवीचा खालचा पूलच धरावा लागतो, तिथेही तेच. अशा वेळी सगळा भार फॅनवर.

फॅन साधारण ९५ ते १०५ अंशांदरम्यान लागतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. गाडी घरी उभी करून सुरू ठेवा आणि ऐका. बार चढत जाऊनही फॅन लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग फॅनचा कनेक्टर काढून आत बघा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांत इथे हिरवट-पांढरी पावडर सापडते. खाऱ्या हवेने पिना गंजलेल्या असतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून लावलं की कितीतरी फॅन परत फिरू लागतात. त्यानंतरही फिरत नसेल तर मेकॅनिक कनेक्टर काढून फॅनला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देईल. फिरला तर मोटर ठीक, दोष रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली.

फॅन फिरतोय तरी तापते? मग तो कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा. दुचाकीत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि समोरची हवा आत ओढतो. रेडिएटरसमोर कागदाची पट्टी धरा. ती जाळीकडे ओढली जायला हवी. उलट उडत असेल तर कुणीतरी दुरुस्ती करताना वायरी उलट जोडल्यात. फॅन जोरात फिरतो, आवाज करतो, आणि हवा चुकीच्या बाजूला फेकतो. असे प्रकार दिसायला विनोदी असतात, पण शोधायला वेळ खातात.

ड्यूकवाल्यांसाठी: फॅन लागल्यावर मांड्यांवर गरम हवा येणं हा बिघाड नाही. रेडिएटरने इंजिनाची उष्णता बाहेर फेकली आहे, ती कुठेतरी जाणारच. बर्म्युडा घालून चालवणं थांबवा.

माझं उलटं आहे. शहरात ठीक, पण अनमोड चढताना किंवा हायवेवर वेग धरला की तापते.

इथे हवा भरपूर आहे, म्हणजे फॅनचा दोष नाही. इंजिन जास्त उष्णता तयार करतंय आणि कूलंट ती वाहून नेत नाहीये. कारणं या क्रमाने बघा.

आधी पातळी. मग रेडिएटरच्या बाहेरची जाळी. डिचोली, सांगे, केपे भागात रोज फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत लाल धूळ बसते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तो भाजल्यासारखा घट्ट बसतो. वरून ब्रशने झटकला तर पुढचं पुढचं निघतं, आतलं तसंच राहतं. फॅन किंवा शक्य असेल तर रेडिएटर बाजूला काढून मागून पुढे, साध्या पाईपने, कमी जोराने पाणी सोडा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जवळून मारलं तर पातळ पट्ट्या वाकतात आणि जाळी कायमची बंद होते. बारीक जाळीचा रेडिएटर गार्ड बसवला असेल तर तोही काढून धुवा. त्याच्यापुढे दोन फॉग लॅम्प लावून वर "गाडी का तापते?" म्हणून विचारणारेही भेटतात. उडती प्लास्टिकची पिशवी येऊन रेडिएटरला चिकटणं हेही रस्त्यावरचं नेहमीचं कारण आहे.

बाहेरून सगळं स्वच्छ असेल तर आत. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, रेडिएटरच्या नळ्या आतून क्षार आणि गंजाने भरल्या असतील, किंवा पंपाचं पातं झिजलं वा शाफ्टवर सैल झालं असेल. गाडी चांगली तापल्यावर इंजिन कडक गरम आणि रेडिएटर मात्र थंड असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट अडकलाय. रेडिएटरचा काही भाग गरम आणि मध्येच पट्टा थंड लागत असेल, तर त्या नळ्या चोंदल्यात. हात जपून लावा, फॅन कधीही सुरू होतो.

कधीकधी मात्र कूलिंगचा दोष नसतोच. ब्रेक चिकटत असेल, चेन फार ताणली असेल, क्लच घसरत असेल किंवा चढावर कुणी अर्धा क्लच दाबून चालवत असेल, तर धडधाकट कूलिंग सिस्टिमसुद्धा हात टेकते.

गोव्याच्या दमट हवेमुळे गाडी जास्त तापते का?

माणूस तापतो, गाडी नाही. आपल्याला घाम सुकल्यावर गारवा मिळतो आणि दमट हवेत तो सुकत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान आणि वेग कळतो. आपल्याकडे मे महिन्यातही पारा सहसा ३५ अंशांच्या आसपासच असतो, आणि याच गाड्या विदर्भात ४५ अंशांत चालतात. गोव्यातला खरा त्रास आर्द्रतेसोबत येणाऱ्या मिठाचा आहे: कनेक्टर, होजच्या क्लिपा, रेडिएटरचे बोल्ट.

खाली एक थेंबही दिसत नाही, तरी कूलंट कमी होतं. जातं कुठे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि मेकॅनिकने सगळ्यात जास्त वेळा घाईत उत्तर दिलेला. "पात्रांव, हेड उघडावं लागेल" असं ऐकलं की थांबा. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडण्याआधी तपासण्यासारखं खूप काही आहे.

बारीक गळती जमिनीपर्यंत पोचतच नाही. थेंब गरम इंजिनावर किंवा सायलेन्सरच्या पाईपवर पडतो आणि उडून जातो. मागे राहतो तो डाग: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, खडूसारखा सुकलेला. टॉर्च घेऊन होजच्या टोकांना, क्लिपांखाली, रेडिएटरच्या धातू आणि प्लास्टिकच्या सांध्यावर, थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती आणि पंपाच्या खाली बघा. गाडी बंद केल्यावर येणारा गोडसर वास हाही पुरावाच.

काही गळत्या फक्त थंड असताना होतात. गरम झाल्यावर होज फुगून क्लिपेत घट्ट बसतो, रात्री आकसला की पाझरतो. म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. पुठ्ठ्यावर डाग आला तर जागा सापडायला सोपी जाते. आला नाही, तर गळती गरम असताना, दाबाखाली होते.

त्यासाठी प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला छोटा हातपंप जोडतात, कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब थंड गाडीत भरतात आणि पाच-दहा मिनिटं घड्याळ बघत बसतात. काटा उतरला की गळती आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे थेंब उडून न जाता दिसतो. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे हा पंप असतो, तुमच्या वाड्यावरच्या मेकॅनिककडे असेलच असं नाही. तरी आधी विचारा. हेड उघडण्याच्या मानाने हे काम काहीच नाही.

गाडी कधी पडली होती का, तेही आठवा. उभ्या गाडीचा तोल गेला आणि ती वाळूत आडवी झाली, एवढ्यानेही रेडिएटरची बाजू दबते. तेव्हा काही दिसत नाही, महिन्याने सांधा पाझरू लागतो.

इंजिनाच्या खाली, पंपापाशी एका बारीक भोकातून थेंब पडतो. एम-सील लावून बुजवू का?

अजिबात नको. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक कूलंटच्या बाजूला आणि एक ऑइलच्या. मधल्या जागेतून ते भोक बाहेर निघतं. कूलंट टपकलं तर कूलंटकडचा सील गेला, ऑइल टपकलं तर ऑइलकडचा. भोक बुजवलं की कूलंटला आत जाण्यावाचून वाट उरत नाही आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. बेअरिंगचं नुकसान त्यानंतर सुरू होतं. सील बदलून घ्या, शाफ्टला खाच पडली असेल तर शाफ्टही.

रिझर्व्ह टाकी मॅक्सच्या वर गेली, पण रेडिएटर उघडला तर आत कमी. असं कसं?

कॅप. तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरून ठेवते, कॅपवर ०.९, १.१ असा आकडा असतो तो 'बार' या दाबाच्या एककात. त्या दाबामुळेच पन्नास-पन्नास टक्क्यांचं मिश्रण १०७ अंशांऐवजी १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. छोटी झडप उलटी: गाडी थंड होताना टाकीतलं कूलंट परत आत घेते. छोटी झडप चिकटली, किंवा टाकीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर पडली, तर कूलंट जातं पण येत नाही. टाकी भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो. नुसती टाकी बघणाऱ्याला वाटतं सगळं भरपूर आहे.

कॅपचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल, स्प्रिंग सैल वाटत असेल, तर त्याच आकड्याची नवी कॅप घाला. जास्त आकड्याची घालून "सेफ्टी" वाढत नाही. जुना होज फुटतो.

गॅरेजवाल्याने टाकी काठोकाठ भरली असेल आणि दोन दिवसांनी थोडं सांडलं असेल, तर त्याला गळती म्हणू नका. जागा नव्हती म्हणून ते बाहेर आलं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतोय. हेड गॅसकेट गेलं का?

महिना कोणता आहे? जुलै असेल, घर-ऑफिस अंतर तीन-चार किलोमीटर असेल आणि थर फक्त झाकणाला असेल, तर बहुधा नाही. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवेत पाणी लोंबकळत असतं. लहान फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि झाकणाखाली ऑइलशी घुसळून पांढरट मलम तयार होतं. पुसून टाका, गाडी एकदा काणकोणपर्यंत सलग चालवून आणा आणि परत बघा. नाहीसं झालं तर विषय मिटला. थंड, दमट सकाळी सायलेन्सरमधून येणारी आणि गाडी तापल्यावर थांबणारी पांढरी वाफही याच जातीची.

खरंच गेलेलं हेड गॅसकेट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) वेगळं वागतं. ऑइल बघायच्या काचेतलं अख्खं ऑइल कॉफीच्या रंगाचं दिसतं, नुसतं झाकण नाही. गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात, तापण्याच्या आधीच, होज दगडासारखा कडक होतो, कारण सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय. थंड गाडीची कॅप काढून सुरू केली तर मानेपाशी बुडबुडे येतात आणि थांबतच नाहीत. खात्री करायची तर निळ्या द्रावणाची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, जळालेला वायू असेल तर निळं पिवळं होतं.

यातल्या दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर हेड उघडू द्या. आणि उघडलंच तर नुसतं गॅसकेट बदलून बंद करू देऊ नका. हेडचा पृष्ठभाग वाकलाय का ते सरळ पट्टीने तपासायला सांगा. एकदा जोरात तापलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड बरेचदा वाकलेलं असतं.

पावसात सिग्नलला थांबलो की पुढून वाफा येतात.

गरम रेडिएटरवर पावसाचं पाणी पडतंय. गोड वास नसेल आणि पातळी कायम असेल तर पुढे चला.

कूलंटऐवजी पाणी चालेल का? आमच्याकडे ओपाचं नळाचं पाणी आहे, चांगलं असतं.

पिण्यासाठी चांगलं. रेडिएटरसाठी ओपाचं असो, साळावलीचं असो की विहिरीचं, कायमचं म्हणून नको. साध्या पाण्यात क्षार आणि क्लोराइड असतात, आणि गंज थांबवणारी रसायनं नसतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात; ते पाणी तर अ‍ॅल्युमिनियम खातं. आपल्याला इथे कूलंट गोठण्याची भीती नाही, म्हणून "गोव्यात कूलंटची गरज काय" असा प्रश्न येतो. गरज गंजरोधकाची आणि वर ढकललेल्या उत्कलनबिंदूची आहे. शिवाय पंपाचा सील त्याच द्रवावर घासत फिरतो.

बाटलीवर वापरायला तयार असं लिहिलं असेल तर तसंच ओता. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बॅटरीच्या दुकानात मिळतं. जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा असंही नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे, म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलेली गाडी जास्त तापते.

आधी हिरवं होतं, आता लाल टाकलं तर?

रंगावरून काही ठरत नाही, तो कंपनीच्या मर्जीचा असतो. आतली गंजरोधक रसायनं कुठली, ते महत्त्वाचं. वेगळ्या जातीची मिसळली तर त्यांचा परिणाम कमी होतो आणि कधी साका धरतो. आधीचं कुठलं हे माहीत नसेल तर पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नवं भरा. तसंही मॅन्युअलमधली मुदत आली की, बऱ्याच गाड्यांत ती दोन वर्षांची असते, बदलायचंच आहे.

ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात. दुचाकीला चालेल? लीक बंद करणारी पावडर?

ट्रकच्या नळ्या रुंद असतात. आपल्या रेडिएटरच्या नळ्या अरुंद. गळती बुजवणारं जे काही असतं ते आधी त्याच बुजवतं. हळद माशांना लावा.

मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही.

लागतो. थर्मोस्टॅट इंजिन लवकर तापवतो आणि मग योग्य तापमानाला धरून ठेवतो. काढला तर इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि पावसाळ्यात वर सांगितलेलं दुधाळ मलम वाढतं. काही गाड्यांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट रेडिएटरला वळसा घालून छोट्या वाटेनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यासोबत तापवा. ७० ते ८५ अंशांदरम्यान, त्याच्यावर जो आकडा असेल त्याच्या आसपास उघडू लागला तर चांगला. नाही उघडला तर नवा घाला.

कूलंट बदलून आणलं आणि त्यानंतरच तापायला लागली!

आत हवा अडकली आहे. हवेचा फुगा इंजिनाच्या वरच्या भागात बसतो आणि तिथे कूलंट पोचत नाही. काही गाड्यांना हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असतो. त्यातून सलग, बुडबुडे नसलेली धार येईपर्यंत भरायचं. नसेल तर थंड गाडीची कॅप काढून सुरू करायची, होज हाताने हळूहळू दाबायचे, गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवायची आणि पातळी उतरेल तशी भरायची. मग कॅप लावून फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवायची. पुन्हा थंड झाल्यावर पातळी बघायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरते, ते अपेक्षित आहे.

अनमोड घाटात लाल दिवा लागला. आता?

वळणावर नाही, सरळ दिसणाऱ्या सुरक्षित जागी थांबा. फॅन चालू असेल तर किल स्विचने इंजिन बंद करा आणि चावी चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत फॅन फिरत राहतो. तो थांबला की चावीही बंद. इंजिनावर पाणी ओतू नका, गरम हेडला तडा जाऊ शकतो. पाऊण तास तरी जाऊ द्या. मोलेच्या जंगलात मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा रेंज असेल तिथूनच घरी कळवून ठेवा.

थंड झाल्यावर कॅप उघडा आणि बघा. आत भरलेलं असेल, रेडिएटरवर पिशवी किंवा चिखल असेल, तर तो काढून हळू निघा. आत कमी असेल आणि मोठी गळती दिसत नसेल, तर जवळचं पिण्याचं पाणी भरा. अडचणीत ते चालतं, घरी पोचल्यावर सगळं काढून बदला. होज फुटला असेल तर गाडी टेम्पोतूनच न्यावी लागेल. उतार आहे म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी घरंगळत नेऊ नका. इंजिनाचा रोध नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि मग ते तापतात.

पुन्हा निघाल्यावर पाच मिनिटांत दिवा परत लागला तर हट्ट सोडा. टेम्पोचं भाडं पिस्टन-सिलिंडरच्या बिलापुढे किरकोळ असतं.

रेंटची गाडी घेतली आहे, ती तापतेय.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी असेल तर तिचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. घेतानाच टाकीची पातळी आणि रेडिएटरचा फोटो काढून ठेवा. दिवा लागल्यास थांबून मालकाला फोन करा. स्वतः कॅप उघडू नका, आणि "अजून थोडं चालेल" असं तो म्हणाला तरी चालवू नका.

जुनं कूलंट गटारात ओतलं तर चालतं ना? पाणीच तर आहे.

त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. थोडंसं पोटात गेलं तरी पुरतं. अंगणात सांडलं तर भरपूर पाण्याने लगेच धुवा, काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गाडी सर्व्हिसिंगला नेताना सोबत न्या. तिथेही ते जळक्या ऑइलच्या पिंपात ओतू देऊ नका, वेगळ्या कॅनमध्ये ठेवायला सांगा. कुत्र्याने चाटलंय असा नुसता संशय जरी आला, तरी लक्षणं दिसायची वाट न बघता त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि बाटली सोबत घ्या.